भिंगरीच्या घरावरची पॅनेलं

कारखान्यात त्याला सगळे भिंगरी म्हणत. ते नाव आईनेच ठेवलं होतं. लहानपणी जेवायला बसवलं की एक घास खाऊन तो घराला एक चक्कर मारून यायचा, तेव्हापासूनचं. आता चाळिशी उलटली होती, कानामागे केस पिकायला लागले होते, पण एका जागी बसणं काही जमलं नव्हतं. सौर पॅनेलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो लॅमिनेटरवर होता. खाली काच, तिच्यावर चिकट पारदर्शक थर, मग उन्हाची वीज करणाऱ्या काळ्या-निळ्या सेलच्या ओळी, पुन्हा थर, शेवटी मागची पांढरी प्लॅस्टिकची शीट. हा सगळा ढीग मशीनच्या पोटात ढकलायचा आणि तापून एकजीव होऊन बाहेर येईपर्यंत वाट बघायची. वाट बघताना भिंगरी मशीनभोवती घिरट्या घालायचा, शेजारच्या टेबलावर जाऊन दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा, शिव्या खाऊन परत यायचा. पण त्याच्या हातून निघालेल्या पॅनेलात बुडबुडा सापडायचा नाही. तपासणीवाले त्याची पॅनेलं न बघताच पुढे ढकलतात, अशी त्याची फुशारकी होती, आणि ती बरीचशी खरी होती.

त्या वर्षी मात्र त्याला घरी चैन नव्हतं आणि कारखान्यातही.

बाहेरून, म्हणजे परदेशातून येणाऱ्या स्वस्त पॅनेलांनी बाजार भरून गेला होता. कारखान्याच्या आवारातल्या शेडमध्ये तयार मालाच्या थप्प्या छपराला टेकल्या आणि मालकांनी दुपारची पाळी बंद केली. भिंगरीच्या मशीनवरचा त्याचा जोडीदार जाड्या त्या पाळीबरोबर घरी बसला. जाड्या म्हणजे भिंगरीच्या बरोबर उलट. सावकाश चालणारा, सावकाश बोलणारा. इतकी वर्षं दोघांचं जमलं ते त्यामुळेच. उरलेल्या लोकांनी समिती काढली. सेल जोडणाऱ्या टेबलावरच्या मावशी तिच्या प्रमुख झाल्या आणि भिंगरी तिचं तोंड झाला, कारण गप्प बसणंही त्याला जमत नव्हतंच.

फाटकाबाहेर कॅन्टीनमधलं स्टूल ठेवून तो त्याच्यावर चढला आणि घसा ताणून बोलला. "शाळेच्या छतावर बाहेरची पॅनेलं, दवाखान्याच्या छतावर बाहेरची! उद्या या कारखान्याच्या छतावरही चढवतील! आपलं पोट ज्याच्यावर चालतं ते निदान आपल्या घरावर तरी दिसू दे! माझ्या घरावर बाहेरचं एक पॅनेल दिसलं, तर मला या स्टुलावरून खाली ओढा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. जाड्याने तर बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

घरची काळजी वेगळी होती. भिंगरीचे वडील, अण्णा, वीज खात्यात मीटर वाचायचं काम करून निवृत्त झाले होते. उभा जन्म दारोदार हिंडण्यात गेलेला माणूस, आणि आता पलंगावरून उठून मोरीपर्यंत जाताना त्यांना धाप लागायची. फुप्फुसं दमली होती. उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. ते विजेवर चालायचं, आणि वीज दुपारी हमखास जायची. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी पंख्याला पुरायची, मशीनपुढे लगेच मान टाकायची. मग आई छोटा सिलिंडर उघडायची आणि त्याच्या काट्याकडे बघत बसायची. लाइट यायची तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजलेला असायचा.

छतावर पॅनेलं आणि खाली मोठी बॅटरी, हा उपाय सगळ्यांना पटला होता. घोडं अडलं होतं ते कुठली पॅनेलं, यावर.

भिंगरीचा धाकटा भाऊ घरोघरी पॅनेलं बसवण्याचा धंदा करायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं, मागे गोडाऊन, आणि गोडाऊनमधला सगळा माल बाहेरचा. एका रविवारी तो अण्णांना बघायला आला आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "दादा, माल पडून आहे माझ्याकडे. उद्या सकाळी येतो, संध्याकाळी चालू करून देतो."

"नको. कामगारांच्या कोट्यातून माझी पॅनेलं मंजूर झालीत. या आठवड्यात येतील."

"हा आठवडा गेल्या महिन्यातही आला होता."

"अरे, आवारात पडलाय तो माल मोठ्या प्रकल्पांच्या मापाचा, घराला चालत नाही. घरच्या पॅनेलांचे सेल यायचेत. सेल आले की आमचं काम सुरू."

"आणि सेल कुठून यायचेत?"

भिंगरी खिडकीपाशी गेला, बाहेर बघितलं, परत आला. "बोटीने," तो म्हणाला.

धाकट्याला हसू आवरेना. "म्हणजे माझं पॅनेल बोटीतून येतं म्हणून वाईट, आणि तुझं बोटीची वाट बघत बसलंय!"

"काच आपली आहे. चौकट आपली आहे. जोडणारे हात आपले आहेत. त्या हातांना काम मिळतं."

"माझ्याकडे फिटर आहेत, त्यांना काय पाय आहेत का नुसते? त्यांनाही हातच आहेत, आणि ते याच गावात राहतात. माल स्वस्त आला म्हणून तर लोक लावतात, लोक लावतात म्हणून त्यांना काम आहे."

"आणि जाड्या? त्याने काय करायचं? तुझ्या फिटरांना चहा पाजायचा?"

आवाज चढले. तेवढ्यात पलंगावरून अण्णांनी हात वर केला. नळी नाकातून सरकली होती, ती नीट करून ते दम खात म्हणाले, "श्वास माझा आहे. मला... विचारलंत का कुणी?"

दोघंही वरमले. "सांगा ना अण्णा, तुम्हाला काय वाटतं?" धाकट्याने विचारलं.

"मला वाटतं," अण्णा म्हणाले, "तुम्ही दोघं... बाहेर जाऊन भांडा."

आईला हसू फुटलं. पण भांडण काही मिटलं नाही. भिंगरी आपल्या शब्दावरून हलला नाही. सगळ्यांसमोर स्टुलावर चढून बोललेला माणूस हलणार तरी कसा?

त्यानंतरच्या आठवड्यात भर दुपारी गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सगळ्या वस्तीची वीज गेली. आईने सवयीने सिलिंडर उघडला. बराच वेळ गेला तरी वीज येईना. काटा खाली खाली जात होता. तिने भिंगरीला फोन लावला. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. सून, भिंगरीची बायको, शाळेत गणित शिकवायची, ती तासावर होती. शेवटी आईने धाकट्याला फोन केला आणि तिला एवढंच बोलता आलं, "ओठ काळे पडलेत रे."

धाकटा दुकान उघडं टाकून धावला. गोडाऊनमधली चार्ज केलेली एक मोठी बॅटरी त्याने आणि त्याच्या फिटरने टेम्पोत टाकली, जिन्यातून अक्षरशः ओढत वर आणली, तिथल्या तिथे तारा जोडल्या आणि मशीन सुरू केलं. मग तो अण्णांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत राहिला.

भिंगरीला हे कळलं पाळी सुटल्यावर, लॉकर उघडल्यावर. स्क्रीनवर आईच्या फोनांची लांबलचक रांग होती. रिक्षा थांबवण्याचंही त्याला सुचलं नाही, तो पळतच सुटला. घरी पोचला तेव्हा अण्णा झोपले होते, छाती खालीवर होत होती, आणि मशीन घुरघुरत होतं. धाकटा निघून गेला होता.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "फोन लागत नव्हता."

"लॉकरमध्ये होता गं."

"माहीत आहे मला."

आतल्या खोलीत बायको वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. वह्या उघडलेल्याही नव्हत्या. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "तुमच्या भाषणाने अण्णांना श्वास मिळणार असेल ना, तर रोज द्या. मी येते टाळ्या वाजवायला."

तो तसाच चपला घालून बाहेर पडला. उन्हं उतरली होती. ट्रान्सफॉर्मरभोवती वीज खात्याची माणसं शिडी लावून उभी होती. भिंगरी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नुसता चालत राहिला आणि त्याची नजर आपोआप छतांवर जात राहिली. सगळीकडे बाहेरची पॅनेलं. लांबून नुसत्या चौकटीच्या रंगावरून त्याला ती ओळखू यायची. एरवी ती दिसली की त्याच्या मस्तकात तिडीक जायची. आज प्रत्येक छताखाली कोण झोपलं असेल, हा विचार मनात येत होता आणि तो झटकता येत नव्हता. जाड्याचं घर आलं. खिडकीत उजेड नव्हता. भिंगरी दाराशी घुटमळला आणि कडी न वाजवताच पुढे गेला.

धाकटा दुकानाचं शटर ओढत होता.

"उद्या ये," भिंगरी म्हणाला.

धाकट्याने शटर अर्ध्यावर सोडलं. त्याला टोमणा मारायची संधी होती, पण त्याने ती घेतली नाही. "नक्की? तुझ्या लोकांना काय सांगशील?"

"ते माझं मी बघतो. तू ये."

दुसऱ्या दिवशी भिंगरीने रजा टाकली. फिटरांनी पॅनेलं छतावर चढवली, आणि त्यांना काही करू देईल तर तो भिंगरी कसला! "तो बोल्ट आणखी आवळ. तार उन्हात नको लोंबू देऊ. पाय काचेवर ठेवशील तर बघ." शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, तू खाली जाऊन चहा घे." पण तो गेला नाही. फिटर चौकटी बसवत होते तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका पॅनेलापुढे तो उकिडवा बसला. काचेवरून हात फिरवला. कडेने निरखून पाहिलं. सेलच्या ओळी सरळ आहेत का, थर कुठे सुटलाय का, एखादा तरी बुडबुडा आहे का. पॅनेल उलटं करून मागची शीट पाहिली. नखाने कडा खरवडून पाहिली.

"सापडलं काही?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

पॅनेल चांगलं होतं. कुठल्या तरी परक्या गावात, त्याच्यासारख्याच एखाद्या माणसाने ते नीट बनवलं होतं. त्यात खोट निघाली असती तर भिंगरीला मनातल्या मनात धरून बसायला काही तरी राहिलं असतं.

दुपारी वीज गेली आणि मशीन चालूच राहिलं. आईने सवयीने सिलिंडरच्या चावीला हात घातला होता, तो तिने मागे घेतला. अण्णांनी भिंतीवर बसवलेल्या नव्या सौर मीटरचे आकडे वाचून दाखवायला लावले आणि ते ऐकून समाधानाने मान हलवली, जणू कुणाचं तरी मीटर बरोबर निघालं होतं.

कारखान्यात भिंगरीने काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. मावशी समोरून आल्या की तो दुसऱ्या दाराने निघायचा. डबा उभ्या उभ्या खायचा. हातून काम चुकायला लागलं. एका पॅनेलात कोपऱ्याला बुडबुडा निघाला आणि तपासणीवाल्याने ते हसत हसत परत पाठवलं. भिंगरीला हसू आलं नाही. चारचौघांत कुणी कुजबुजलं की त्याला वाटायचं, कळलं.

आणि एक दिवस खरंच कळलं. मागच्या गल्लीतल्या कुणीतरी फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या पुढाऱ्याचं छत बघा.'

सकाळी फाटकाबाहेर गर्दी होती. घरी बसलेलेही आले होते. स्टूल मधोमध ठेवलेलं होतं. मावशींनी विचारलं, "खरं आहे का रे?"

"खरं आहे."

"मग चढ. सांग सगळ्यांना."

तो चढला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओढा खाली!" आणखी चारपाच आवाज त्यात मिसळले.

"ओढा," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं. पण आधी ऐका. माझ्या वडिलांना श्वास घ्यायला मशीन लागतं. वीज गेली आणि त्यांचे ओठ काळे पडले. मी तेव्हा इथे, मशीनपाशी होतो. आपल्या पॅनेलांसाठी मी थांबलो होतो. आणखी थांबलो असतो तर वडील राहिले नसते. म्हणून नाही थांबलो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाही थांबणार."

"मग भाषणं कशाला ठोकलीस?"

"चुकलो नाही त्यात! काम इथेच राहिलं पाहिजे, हे आजही म्हणतो. पण घरांवर लावायची आपली पॅनेलं अडली कशापायी? सेल नाहीत म्हणून. आपणही बाहेरच्याच बोटीवर डोळे लावून बसलोय. सेल इथे बनवा, ही मागणी आपल्या पत्रकात आहे कुठे? आपण नुसतं म्हणतोय, त्यांना अडवा. त्यांना अडवलं आणि आपल्याकडेही माल नसला, तर माझ्या वडिलांसारख्यांनी काय करायचं?"

कुणी ऐकत होतं, कुणी नव्हतं. गर्दीतून जाड्या सावकाश पुढे आला. त्याने आवाजही चढवला नाही. "तुझे वडील वाचले, बरं झालं," तो म्हणाला. "पण मी घरी बसलोय तो त्या पॅनेलांमुळे. लावायच्या आधी मला येऊन सांगितलं असतंस, तर मी नाही म्हणालो असतो का? दुसऱ्याच्या फोनवर फोटो बघायची वेळ आणलीस माझ्यावर."

जाड्याच्या दाराशी जाऊन भिंगरी परत फिरला होता, पण ते सांगण्यात आता काय अर्थ होता?

"उतर खाली," मावशी म्हणाल्या. तो उतरला. समितीतून त्याचं नाव काढलं गेलं. सेलच्या मागणीचं काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नाही. नंतर फाटकावर नवं पत्रक लागलं तेव्हा त्याने ते इतरांबरोबर उभं राहून वाचलं. ती मागणी पहिल्याच ओळीत होती.

काही महिने असेच गेले. मग सरकारने बाहेरच्या पॅनेलांवर निर्बंध आणले. कारखान्याचं आवार हळूहळू रिकामं झालं, ट्रक रात्रंदिवस भरून जायला लागले आणि दुपारची पाळी पुन्हा सुरू झाली. जाड्या परत आला. त्याने लॅमिनेटर मागितला नाही, चौकटी बसवायच्या टेबलावर गेला. समोरासमोर आले की मान हलवायचा, बस. भिंगरीने दोनदा त्याच्या टेबलापाशी जाऊन बोलायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी जाड्या म्हणाला, "कामावर आहे मी," आणि स्क्रू आवळत राहिला.

इकडे धाकट्याचा कंटेनर बंदरात अडकला. आगाऊ बोलणी झालेली गिऱ्हाइकं रोज दुकानात येऊन बसायला लागली. एका संध्याकाळी तो भिंगरीच्या पायरीवर येऊन बसला, दाढी वाढलेली, फोन हातात गरगर फिरवत.

"हस," तो म्हणाला. "तुझ्या मनासारखं झालं."

भिंगरीलाही वाटलं होतं की आपल्याला मजा येईल. तो भावाशेजारी बसला, उठला, पुन्हा बसला. "फिटर आहेत ना अजून?" त्याने विचारलं.

"एक गेला. दुसरा उद्या-परवा जाईल."

"उद्या माझ्याबरोबर कारखान्यात चल. विक्रीच्या साहेबांना भेटू. महाग पडेल, रांगेत थांबावं लागेल. पण माल मिळेल."

"आणि सेल?"

"बोटीनेच येतायत अजून," भिंगरी म्हणाला. "इथे बनवायचा विचार चालू आहे म्हणतात. विचार करायला त्यांना काय जातंय!"

धाकटा खूप दिवसांनी हसला. दुसऱ्या दिवशी तो गेला. साहेबांनी दाराबाहेर बराच वेळ तिष्ठत ठेवलं, शेवटी थोडा माल द्यायचं कबूल केलं. मग जेमतेम का होईना, दुकान चालू राहिलं. घरी आला की त्याचं गाऱ्हाणं सुरू व्हायचं. तुमची चौकट जड, तुमचा ट्रक उशिरा. भिंगरी एकेका वाक्याला उठून उत्तर द्यायचा.

हिवाळा सरला तसं अण्णांना जरा बरं वाटायला लागलं. एका सकाळी ते म्हणाले, "मला छतावर न्या." आईने नको म्हटलं, सुनेने नको म्हटलं. ते ऐकेनात. धाकट्याने लांब नळी आणली. दोघा भावांनी त्यांना खुर्चीत बसवून, एकेका पायरीवर टेकत, जिन्याच्या भिंतीला बोटं खरचटून घेत वर नेलं. भिंगरीची बायको मागून नळी सोडत होती.

दोघांना वाटलं, अण्णा पॅनेलं बघतील, काही विचारतील. त्यांनी एकवार बघितलं आणि खुर्ची दुसरीकडे वळवायला लावली. समोर वस्ती पसरली होती, टाक्या, वाळत घातलेले कपडे, गच्च्यांचे कठडे.

"ते हिरव्या दाराचं घर," अण्णा म्हणाले. "तिथली बाई मला मीटरपर्यंत जाऊच द्यायची नाही. कुत्रा सोडायची अंगावर. आणि तो कोपऱ्यातला... त्याने मीटरमध्ये काडी घातली होती. मी बघितलं. मला म्हणाला, मुंगी शिरली असेल."

"मग तुम्ही काय केलंत?" सुनेने विचारलं.

"म्हटलं, मुंगीच्या नावाने बिल पाठवतो."

धाकट्याचा फोन वाजला, तो बोलत कठड्याकडे गेला. भिंगरी अण्णांच्या मागे उभा होता. वारा सुटला होता. पाळीची वेळ होत आली होती.

"चला अण्णा, खाली जाऊ या."

"थांब," अण्णा म्हणाले. "ते पलीकडचं तिमजली घर कुणाचं, ते आठवतंय मला. सांगतो."

भिंगरी खुर्चीशेजारी खाली बसला.